माळ रिकामा नसतो, तिथे झाडं लावू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता. शाळेची मुलं, सरपंच, दोनचार अधिकारी, सगळे मिळून माळावर खड्डे घेऊन रोपं लावतायत आणि खाली ओळ होती की ओसाड माळरान आता हिरवंगार होणार. तो फोटो बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले. जरा मोठं होणार आहे, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल पण झाडांचा मुद्दा तेवढा कापू नका ही विनंती.

झाडं लावणाऱ्यांच्या मनाबद्दल मला काही म्हणायचं नाहीये. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, सावली कुणाला नको असते, आणि मुलांनी हातात रोप धरलं की सगळ्यांनाच छान वाटतं. प्रश्न फक्त जागेचा आहे. आपल्याकडे झाड म्हणजे निसर्ग आणि जिथे झाड नाही ते उजाड असं इतकं पक्कं बसलंय की गवताची जमीन दिसली की आपण लगेच तिथे काहीतरी करायला जातो. लोक कशाला, सरकारी नकाशातसुद्धा अशा कितीतरी जमिनी पडीक या रकान्यात टाकलेल्या असतात, आणि एकदा पडीक म्हटलं की मग तिथे वनीकरण करा, सोलर लावा, एमआयडीसी काढा, मुरूम उपसा, कुणी विचारायला येत नाही.

पण माळ ओसाड कधीच नसतो हो. मृगाचा पाऊस पडला की दहा बारा दिवसांत कोंब दिसायला लागतात, कुसळी, मारवेल, पवना अशी गवतं वर येतात, सप्टेंबर ऑक्टोबरला गुडघ्याएवढं होतं, वारा आला की सगळा माळ हलतो. दिवाळीनंतर ते सोनेरी होतं आणि मार्च एप्रिलमध्ये करपून गेल्यासारखं दिसतं. नेमकं तेव्हा आपण एसटीच्या खिडकीतून बघतो आणि म्हणतो काय भकास आहे. खाली मुळं जिवंत असतात, जमीन धरून असतात, पाणी मुरवत असतात, झाड जसं लाकडात कार्बन साठवतं तसं गवत तो जमिनीच्या आत साठवतं. आणि त्याच गवतात काळवीट राहतं, खोकड राहतं, लांडगा पिल्लं घालतो, ससे, घोरपड, चंडोल, धाविक, माळटिटवी असं सगळं गोकुळ असतं. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी कझाकस्तानच्या बाजूने हजारो किलोमीटर उडत आपल्या माळावर येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात जमिनीवर झोपतात. झाडं लावून आपण त्यांचीच झोपायची जागा काढून घेतो हे रोप लावणाऱ्याच्या गावीही नसतं, आणि कसं असणार, त्याला कुणी कधी सांगितलंय का.

माळावरच्या पक्ष्यांना लांबवर दिसायला लागतं. त्यांची अंडी जमिनीवर उघड्यावर असतात, कोण येतंय ते आधी दिसलं तरच वाचतात. मध्ये उंच झाडं आली की कावळे आणि शिकारी पक्षी त्यावर बसून घरटी हेरतात, कोल्ह्या कुत्र्यांना आडोसा मिळतो आणि सावलीखाली गवत मरतं ते वेगळंच. म्हणून असे पक्षी झाडं वाढली की ती जागाच सोडून देतात. कुऱ्हाड न लावता, बंदूक न चालवता एखादा प्राणी गावातून घालवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि आपण तो फुलं उधळून, भाषणं करून करतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माळढोकाबद्दल लिहिते कारण हे सगळं आपल्या जिल्ह्यात ज्याच्या जिवावर बेतलं तो हाच. नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते, माळढोक म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांमधला जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. नर चांगला १०-१५ किलोचा भरतो, उभा राहिला की मीटरभर उंच, डोक्यावर काळी टोपी, पांढरी लांब मान, पंख पसरले की सहा सात फुटांच्या वर. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून असा घुमतो की आवाज लांबवर जातो. खातो काय तर टोळ, नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरं, शेतातला हरभरा, भुईमूग, बाजरीचे दाणे. म्हणजे शेतकऱ्याचं जेवढं खातो त्यापेक्षा जास्त त्याच्या पिकावरची कीड खातो. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, साधारण २७ दिवस उबवते, नर काही मदत करत नाही आणि पिल्लू पुढे बरेच महिने आईबरोबर फिरतं. एकच अंडं, ते कुत्र्याने खाल्लं, कावळ्याने फोडलं, किंवा फोटोसाठी कुणी फार जवळ गेल्यामुळे आई उठून गेली की त्या मादीचं बहुतेक वर्ष वाया. अशा पक्ष्याची संख्या एकदा कमी झाली की वर यायला किती काळ लागेल याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

१९६९ साली पक्षीअभ्यासक धर्मकुमारसिंहजी यांनी अंदाज केला होता तेव्हा देशात साधारण १२६० माळढोक होते. २०११ च्या सुमाराला २५० च्या आसपास राहिले, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो सगळ्यात धोक्याच्या वर्गात गेला. २०१८ पर्यंत १५० च्या आसपास. वाघाचं १९७३ ला मोठं अभियान सुरू झालं, पैसा आला, माणसं आली, जगभर नाव झालं, आणि ते व्हायलाच पाहिजे होतं, पण माळढोकाच्या नावाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचना निघायला आणि राजस्थान सरकारने स्वतःचा प्रकल्प जाहीर करायला २०१२-१३ साल उजाडलं. तोपर्यंत अर्ध्या राज्यांतून तो गेला होता. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याच माळढोकाचं नाव सुचवलं होतं, १९६३ ला मान मोराला मिळाला. मोराबद्दल काही तक्रार नाही पण कधीकधी वाटतं की तो मान माळढोकाला मिळाला असता तर निदान प्रत्येक पोराला चित्र तरी ओळखता आलं असतं.

नान्नज आपल्या सोलापूर बार्शी रोडवर, शहरापासून वीसेक किलोमीटर. बाहेरच्या लोकांना नान्नज म्हटलं की द्राक्षं आठवतात, सोनाका वाण नानासाहेब काळे यांनी इथेच काढला, त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण त्याच नान्नजला १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात काही प्लॉट कुंपण घालून राखले, चराई थांबवली, गवत वाढलं आणि तिथे माळढोक दिसायला लागले. नुसतं गवत राखलं एवढंच केलं होतं, बाकी काही नाही! पुढे १९७९ ला अभयारण्य जाहीर झालं, ८४९६ चौरस किलोमीटर. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं कर्जत, श्रीगोंदा वगैरे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानींनी ८० च्या दशकात इथे येऊन अभ्यास केला, देशभरातले पक्षीनिरीक्षक नान्नजला यायचे.

आता खरी गोची इथेच झाली. त्या ८४९६ मधली बहुतेक जमीन लोकांची होती. शेती, गावं, वस्त्या, बाजार सगळं अभयारण्यात. वन विभागाच्या ताब्यातली जमीन थोडी, तीही तुकड्या तुकड्यांत. मग काय झालं, माळढोक ज्या तुकड्यावर होता तिथलं गवत राखायचं काम एकीकडे आणि जिथे त्याचं पीससुद्धा पडलं नव्हतं तिथल्या माणसाला जमीन विकताना, बिनशेती करताना, छोटा कारखाना काढताना अडचण दुसरीकडे. लेकीच्या लग्नाला एकर विकायचाय आणि तलाठ्याकडे गेलं की माळढोकाचं कारण, विहिरीला, रस्त्याला, लाइटीला कागद अडकला की माळढोकाचं कारण. तीस वर्षं असं चाललं. ज्या पक्ष्याला बघून बापजादे म्हणायचे पाऊस चांगला होणार त्याच पक्ष्याचं नाव काढलं की लोक चिडायला लागले. शेवटी कोर्टकचेऱ्या, समित्या होऊन २०१२ च्या सुमाराला क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. लोकांना मोकळा श्वास मिळाला, तो मिळायलाच पाहिजे होता. पण तोपर्यंत उजनीचं पाणी येऊन ऊस आला होता, बोअर पडल्या, द्राक्षं डाळिंबं आली, ज्वारी करडई मागे पडली आणि माळ तुकड्या तुकड्याने नांगराखाली गेला. गेली काही वर्षं गणनेत एखादाच माळढोक नोंदला जातो. आमच्या जिल्ह्याचं नाव ज्या पक्ष्यामुळे पुस्तकात आलं त्याची ही गत.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा म्हणून एक अभयारण्य होतं. तेही माळढोकासाठीच काढलेलं, १९८१ ला. तिथेही हीच कथा, जमिनीच्या व्यवहारावर बंधनं, वर काळवीट वाढले आणि पिकं खायला लागले, नुकसान भरपाई वेळेवर नाही, लोकांनी सगळा राग माळढोकावर काढला. ९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथला शेवटचा माळढोक गेला. पक्षी गेला तरी अभयारण्य कागदावर आणि बंधनं लोकांच्या डोक्यावर तशीच राहिली कितीतरी वर्षं. माळढोक वाचवायचा म्हणजे आधी त्याच्या शेजारी राहणारा माणूस आपल्या बाजूने पाहिजे ही गोष्ट करेऱ्याने शिकवली, नान्नजने शिकवली, तरी अजून दरवेळी आपण सुरुवात बंदीच्या बोर्डापासूनच करतो.

आज उरलेले माळढोक जवळजवळ सगळे राजस्थानात जैसलमेरच्या भागात आहेत. तिथे त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी आहे. गुजरातेत कच्छमध्ये नलियाच्या बाजूला थोड्या माद्या उरल्या आणि नर एकही नाही अशी अवस्था झाली. राजस्थानात त्याला नवीनच संकट आलं, विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं नीट दिसत नाही, आणि वजन एवढं की ऐनवेळी वळता येत नाही. पवनचक्क्या आणि सोलरचे प्रकल्प आले, त्यांच्या मोठ्या लाइनी आल्या, आणि पक्षी धडकून मरायला लागले. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटच्या अभ्यासाप्रमाणे थरच्या वाळवंटात वर्षाला साधारण १८ माळढोक तारांमुळे मरतात, एवढ्याशा संख्येत १८! २०१९ ला वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह सुप्रीम कोर्टात गेले, एप्रिल २०२१ ला कोर्टाने तारा जमिनीखालून न्या असा आदेश दिला, मग सरकारने अडचणी सांगितल्या आणि मार्च २०२४ ला तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सोलरला माझा विरोध नाही, आमच्या शाळेच्या छतावरपण पॅनल आहेत. पण जिथे सगळ्या जगातला शेवटचा पक्षी उडतो नेमकी तीच जागा सोडून बाकी वाळवंट केवढं पडलंय.

चांगली बातमीही आहे. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे माळढोकाची अंडी आणून पिल्लं वाढवायचं काम चालू आहे, आता तिथे साठहून जास्त पक्षी आहेत. ऑक्टोबर २०२४ ला तर कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं, अबूधाबीत होउबारा नावाच्या त्याच्या नातेवाईक पक्ष्यावर जे काम झालं त्यावरून ही पद्धत शिकून आले. गायीम्हशींना जे आपण वर्षानुवर्षं करतो ते माळढोकाला जमवायला शास्त्रज्ञांनी किती खटपट केली असेल, त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं. पण मला पुढचा प्रश्न पडतो आणि तोच मला आपल्या वाचकांना विचारायचाय. हे पक्षी उद्या सोडायचे झाले तर कुठे सोडणार? पिंजऱ्यात पक्षी वाढवता येतो, माळ वाढवता येत नाही. एकदा नांगरला, झाडं लावली, प्लॉटिंग झालं की जुना माळ परत येत नाही किंवा यायला पिढ्या जातात. सोलापुरात परत कधी माळढोक आणायचा विचार जरी करायचा असेल तरी आज जे गवत शिल्लक आहे ते आजच राखायला लागेल, आणि आपण तिथेच खड्डे घेतोय.

नान्नजच्या राखीव तुकड्यांतसुद्धा एकेकाळी गिरिपुष्प वगैरे झाडं लावून झाली होती, नंतर चूक कळली आणि काढायला लागले. आधी लावायचा खर्च, मग काढायचा खर्च, मधल्या मध्ये वर्षं गेली. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं. टार्गेट आलं की खड्ड्याला जागा लागते आणि मोकळी जागा म्हणून माळ हमखास सापडतो कारण तिथे कुणाची तक्रार येत नाही, काळवीट काही तहसीलला अर्ज देत नाही. झाडं लावा हो, पण ओढ्याकाठी लावा, शेताच्या बांधावर लावा, शाळेच्या आवारात, गावठाणात, रस्त्याच्या कडेला, स्मशानभूमीत, तळ्याच्या भरावाखाली, जिथे मूळची झाडोऱ्याची जागा आहे तिथे. लावायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या धनगराला विचारा की इथे तुझ्या लहानपणी काय होतं. तो जर म्हणाला गवत होतं, मेंढरं चारायचो, काळवीट असायचे, तर ती जागा सोडून द्या. धनगरांच्या मेंढ्या थोड्या थोड्या चरून पुढे जातात त्याने माळाचं वाईट होत नाही, उलट माळढोकाला नाचायला आखूड गवतच लागतं. उगाच त्यांना गुन्हेगार केल्यासारखं वागवायचं बंद झालं पाहिजे असं मला फार वाटतं, त्यांच्याइतका माळ कळणारा माणूस आपल्याकडे दुसरा नाही.

लोकांना सोबत घेऊन काम होतं याची उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. रत्नागिरीत मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांची अंडी लोक काढून न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या लोकांनी तिथे काम सुरू केलं, गावातलीच माणसं कासवमित्र झाली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोक घरी पाहुणे ठेवायला लागले, उकडीचे मोदक खायला घालायला लागले, चार पैसे बायकांच्या हातात यायला लागले. आज वेळासच्या पोराला कासवाचं सगळं पाठ असतं. विदर्भात अकोला वाशिमकडे तणमोर म्हणून माळढोकाचाच धाकटा भाऊबंद आहे, पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारतो, त्याच्यासाठी संवेदना संस्थेने फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन काम केलं. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या शिकारी म्हणून हिणवलं त्यांनाच पक्षी कुठे आहे, गवत कधी कापायचं, कुठलं राखायचं हे सगळ्यात जास्त कळतं आणि तेच राखणदार झाले. इकडे पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला वन विभागाने गवताळ माळावरची सफारी सुरू केली, लोक पैसे भरून लांडगा खोकड बघायला येतात, गावातल्या पोरांना गाइडचं काम मिळालं. भारतीय लांडगा देशभरात मिळून ३००० च्या आसपास उरलाय, वाघापेक्षा कमी, हे किती जणांना माहिती आहे? लांडग्याने शेळी नेली की बातमी येते, लांडगा मेला की येत नाही.

आता नान्नजला हे का होऊ नये. माळढोक नसला तरी काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत, हिवाळ्यात भोवत्या येतात. सोलापूरला अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर करायला लाखो माणसं येतात, त्यातली थोडी जरी सकाळी दोन तास नान्नजला गेली, नान्नज, वडाळा, मार्डीच्या घरांत चहा नाश्ता झाला, गाडीला गावातला गाइड घेतला तर तीस वर्षांचा तो राग जरा तरी उतरेल. काळवीट पिकात शिरतं हे खरं आहे, हरभरा तुरीचं नुकसान होतं, त्याची भरपाई हंगाम संपायच्या आत खात्यावर आली पाहिजे. पंचनामा, फोटो, सातबारा, परत फेऱ्या, असं असेल तर कुठला शेतकरी काळवीटावर माया करेल. जो शेतकरी चार एकर माळ न नांगरता राखतो, त्यात गवत वाढू देतो, त्याला वर्षाला काहीतरी ठरावीक रक्कम द्या की. ऊसाला, ठिबकला सबसिडी मिळते, गवताला का नको? गवत राखणं हेही काम आहे, त्यात चारा आहे, पाणी मुरणं आहे.

मी शाळेत शिकवते म्हणून शाळेचं सांगते. वन्यजीव सप्ताहात १ ते ७ ऑक्टोबर चित्रकला स्पर्धा असते, दरवर्षी वाघ, हत्ती, सिंह, कधी पेंग्विनसुद्धा. आमच्या शाळेपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर काळवीट चरतात आणि मुलं पेंग्विन काढतात. मुलांचा दोष नाही, पुस्तकात, टीव्हीवर, मोबाइलवर जे दिसतं ते काढणार. २०२० ला गांधीनगरला स्थलांतरित प्राण्यांवरची मोठी जागतिक परिषद झाली तिचं बोधचिन्ह गिबी नावाचं माळढोक होतं, इतकं गोड चित्र होतं ते, पण माळढोकाच्या जिल्ह्यातल्या एकाही शाळेच्या भिंतीवर ते मला दिसलं नाही. माळाकाठच्या प्रत्येक झेडपी शाळेने वर्षातून दोनदा, एकदा गवत हिरवं असताना आणि एकदा वाळल्यावर, पोरांना माळावर न्यावं. खाऊचे डबे घेऊन जायचं, नुसतं बसायचं, काय दिसतं ते वहीत लिहायचं. याला फंड लागत नाही, परिपत्रकाची वाट बघायलाही नको.

हौशी फोटोग्राफर मंडळींनाही एक कळकळीची विनंती. लांडग्याचं बिळ, पक्ष्याचं घरटं दिसलं की फोटो टाकताना जागेचं लोकेशन टाकू नका, गाडी गवतात घालू नका, घरट्यापासून लांब राहा. एका लाइकसाठी आई अंड्यावरून उठली की उन्हाने अंडं उकडून जातं. आणि गावात मोकाट कुत्री वाढू देऊ नका, उघड्यावर मेलेली जनावरं, कोंबड्यांचा कचरा टाकला की कुत्र्यांचे कळप होतात आणि ते माळावर काळवीटाची पिल्लं, जमिनीवरची अंडी सगळं फस्त करतात. ग्रामपंचायतींनी हे मनावर घेतलं तर बिबट्या लांडग्याच्या तक्रारीपण कमी होतील.

माळावर जखमी प्राणी दिसला, कुणी जाळं लावताना दिसलं, वाळलेलं गवत पेटवताना दिसलं तर वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे, फुकट आहे, लावा. हा नंबर आपल्या पेपरात रोज राशिभविष्याच्या चौकटीशेजारी छापला तरी कितीतरी लोकांपर्यंत जाईल. आणि यंदाच्या वन्यजीव सप्ताहात आपण एक पूर्ण पान आपल्या जिल्ह्यातल्या माळासाठी द्यावं, वन विभागाकडून कुठले गट गवताळ म्हणून राखायचे त्याची गावनिहाय यादी घेऊन छापावी, म्हणजे पुढच्या जूनला रोपं घेऊन निघणाऱ्या प्रत्येक शाळेला, मंडळाला, कंपनीला आधी ती यादी बघता येईल. गावांची नावं गोळा करायला, लोकांशी बोलायला माणसं लागली तर आम्ही काही शिक्षक सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहोत.

आपली,
एक शिक्षिका, उत्तर सोलापूर तालुका